रविताच्या वाट्याची गाणी

मी गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये तांदूळ निवडायचं मशीन चालवतो. कॅमेरा दाणा बघतो, काळा दिसला की हवेचा फटका मारून बाजूला टाकतो. मशीनला अक्कल नसते, दाखवाल तेवढंच तिला कळतं. मोबाईलमधलं गाण्यांचं ॲपही त्याच जातीचं, हे मी माझ्या बायकोला, रविताला, दहादा सांगितलं असेल. "तुमाले सगळीकडं मिलच दिसते," म्हणून ती हसायची.

त्या ॲपमध्ये तिने आम्हा दोघांची एक प्लेलिस्ट केली होती. दोघं जे ऐकतात त्यावरून ॲप रोज नवी गाणी सुचवतं आणि ज्याच्या आवडीचं गाणं, त्याचा छोटा फोटो शेजारी दिसतो. माझ्या फोटोपाशी गझला, तिच्यापाशी बासरी. आमच्या बिरसी गावाहून मिलला जाताना मी तीच लावायचो.

धानाची कापणी चालू असताना रविता बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तिला हवं ते रक्त जवळपास मिळालं नाही म्हणून मी भंडाऱ्याला गेलो होतो. परतलो तोवर बाबांनी बाळाला पुरलंही होतं. मुलगा होता की मुलगी, कुणी बोललं नाही. विचारायला गेलो की आई ताटात आणखी भात वाढायला लागायची. आपलं मूल कोण होतं हेही बापाला ठाऊक नसावं, याने मी आतून पोखरला गेलो.

रविताचा फोन कपाटात साड्यांखाली बंद पडून होता. सिमही बंद केलं होतं. तरी तिच्या फोटोपाशी रोज नवी गाणी येत राहिली. ॲप जुन्या आवडीचंच दळण दळतंय, म्हटलं. मला ते बरंच वाटायचं.

मग बासरी कमी झाली. अंगाईगीतं येऊ लागली, हिंदी, छत्तीसगढी, कधी मराठी. पोटुशी असताना ऐकली असतील, अशी मी समजूत घातली. पण कितीतरी गाणी ती गेल्यानंतर निघालेली होती. आणि प्रत्येक अंगाई मुलीसाठी होती. कुठे राजा नाही, कान्हा नाही. परी, चिमणी, राणी.

दाखवल्याशिवाय मशीन शिकत नाही. मग हे कोण दाखवत होतं?

मिलच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ॲप उघडलं. तिच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'रविता आता ऐकत आहे.' मीही तेच गाणं लावलं. मी हात लावला नव्हता, तरी अंगाई अर्ध्यावर थांबली आणि पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा थांबली, पुन्हा सुरू. मूल झोपत नसलं की बायका करतात तशी.

आई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती.

"माय, पोरगी होती ना?"

सूप थांबलं. "तुले कोनं सांगतलं?"

मी फोन पुढे केला. तिने सूप खाली ठेवलं.

"पोरगी होती. रडली बी. सारे रविताच्या मांगंच धावून राहिले होते. कोनी उचललं नाही तिले. मीबी नाही."

मी तिथेच मातीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

आईने फोन घेऊन कानाला लावला.

"तशीच रडून राहिली," ती म्हणाली.

मी फोन ओढून घेतला. आवाज पूर्ण वाढवला. गाणं. नुसतं गाणं. मला माझ्या पोरीचं रडणं ऐकायचं होतं, एकदाच.

आईने फोन परत कानाशी नेला.

अंगाई अर्ध्यावर थांबली.

या वेळी ती पुन्हा सुरू झाली नाही.

"उगी राहिली," आई हळूच म्हणाली. "घेतलं तिच्या मायनं."