देवदूताच्या कानात

सांगते, पण दिवा मोठा ठेवा.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. इंटेरियर डिझायनर आहे, जुनं सामान जोडणं हे माझं काम. त्या दुपारी मात्र माझे पाय जमिनीवर नव्हते. जर्मनीतल्या एका ओस पडलेल्या खेड्याचं लुथरन चर्च, आतलं सगळंच्या सगळं, एका हौशी संग्राहकासाठी आमच्या शारजाच्या शेडमध्ये उभं राहत होतं. छोटी दारं लावलेली बाकं, ढग रंगवलेलं लाकडी छत, प्रवचनाच्या चौथऱ्यावर वाळूचं घड्याळ. हात लावू तिथे मी हरखत होते. शिवाय दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याचं बारसं होतं, आणि माझा भाऊ सुयश आणि वहिनी शुभ्रा यांनी ठरवलेलं नाव माझ्या पोटात मावत नव्हतं.

छतातून दोराला एक लाकडी देवदूत टांगला होता, हातात थाळी धरलेला.

"बाप्तिस्म्याला बाळ आलं की याला खाली ओढायचे, मॅडम," आमचा फोरमन मुरलीधर म्हणाला. "वर दगडाचं वजन लावलंय. बॅलन्स एकदम परफेक्ट. आपोआप हलायचा नाही."

तो जेवायला गेला.

शेडमध्ये एसी नाही. तरी गार वाटलं. ओल्या दगडाचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास आला. वर कप्पी करकरली... आणि देवदूत सावकाश खाली येऊन माझ्या तोंडासमोर थांबला.

घाबरायला हवं होतं. मला हसूच फुटलं. म्हटलं, चला, आत्याबाईंची रंगीत तालीम. त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्र... रेयांश."

पाठीत धपाटा बसला. मग दुसरा, तिसरा. नाव सांगून झाल्यावर बायका आत्याच्या पाठीत घालतात ना, तसेच. मायेने.

मी वळले. बाकं रिकामी होती. त्यांची दारं मात्र सगळी उघडी होती.

मुरलीधर परतला तेव्हा देवदूत वर जाईना. "जड कसा झाला हा?" म्हणत त्याने वर तीन किलो वजन वाढवलं, तेव्हा कुठे गेला. जन्मतः आमचं बाळही तीन किलोचं. मी योगायोग म्हटलं आणि बारशाचे पेढे घ्यायला पळाले.

काल दीड महिन्याच्या रेयांशला लस द्यायला शुभ्राबरोबर गेले होते. नर्सने त्याला काट्यावर ठेवलं. उचललं. काटा शून्यावर आणून परत ठेवलं.

"वजन असं कसं घटेल, ताई?" शुभ्राने माझ्याकडे वळून विचारलं. "पोटभर पितो हो तो..."

माझा फोन वाजला. मुरलीधर.

"मॅडम, तो परत खाली आलाय. अजून वजन टाकावं लागणार."

रेयांश टक लावून छताकडे बघत होता. मी वाकून हळूच हाक मारली, "रेयांश..."

त्याने मान वळवली नाही. फोनमध्ये कप्पी करकरली.

"मॅडम," मुरलीधर कुजबुजला, "आत्ता काही बोललात का? तो... वळला."