कॅप्टनचं बारावं पत्र

माझ्या मावसबहिणीच्या, अरुंधतीच्या बाबतीत घडलेली ही गोष्ट आहे. थाप वाटली तर वाटू दे. ती पत्रं मी स्वतः हातात घेतली आहेत.

ऑक्टोबर २००६. जर्मनीत कायझर्सलाउटर्नजवळचं एक खेडं.

अरुंधती तिथल्या जुन्या दफ्तरखान्यात कामाला होती. जुन्या लिपीतले कागद वाचायचे आणि कॉम्प्युटरवर उतरवायचे. तेव्हा टेबलावर एकाच माणसाचे कागद होते...

कॅप्टन याकोब हाइलमन.

जन्म त्याच खेड्यातला, म्हणून कागद तिथे आलेले. लहानपणी अमेरिकेला गेला, वकील झाला, तिथल्या यादवी युद्धात लढला, पुढे तिथल्याच एका गावाचा मेयर झाला. त्याच्या तुकडीतली अकरा पोरं मेली होती. ती शेवटी काय बोलली, ते त्यांच्या आयांना कळवायचं त्याने कबूल केलं होतं. मग खटले आले, निवडणुका आल्या. पत्रं राहून गेली. म्हातारपणी डायरीत पानोपानी तोच घोर.

त्याच महिन्यात वाईला तिचे वडील, आमचे दिनकरकाका, गेले.

तिचा पासपोर्ट व्हिसासाठी ऑफिसात अडकलेला. जाता आलं नाही. फोनवर एकच विचारायची, "बाबा शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले का रे?"

कुणी धड सांगेना.

दहाव्याला घाटावरून भावाचा, जयंतचा, फोन आला. "अरू, दोन तास झाले, कावळा शिवत नाहीये. सगळ्यांनी कबूल करून झालं. आता तू बोल."

ती कॅप्टनच्या कागदांसमोर बसली होती. रडत मोठ्याने म्हणाली, "तुमचं जे राहिलंय ते मी पूर्ण करीन."

घाईत बाबांचं नाव घ्यायचं राहिलं.

"नाही गं," जयंत म्हणाला. "नाहीच शिवला."

तेवढ्यात खिडकीत फडफड झाली...

खिडकीच्या कट्ट्यावर तिचा अर्धा पाव होता. एका कावळ्याने तो उचलला आणि उडून गेला.

वाईला शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

दुसऱ्या दिवशी ती जेवून परतली. खोलीला कुलूप, किल्ली तिच्याच खिशात. टेबलावर एक कागद होता...

शाई ओली.

जुनी लिपी, कॅप्टनचं अक्षर. एका आईला पत्र. "तुमचा मुलगा शेवटी म्हणाला..."

नवरा पुष्कर म्हणाला, "हे बघ, कुणीतरी चेष्टा करतंय. कुलूप बदलून घे."

तिने बदललं. पत्रं येत राहिली. रोज एक. दाराला कान लावला की आतून टाकाची करकर...

दार उघडलं की कोणी नाही.

अकरा झाली. तिला वाटलं, सुटले.

बाराव्या दिवशी पुन्हा करकर ऐकू आली. दार ढकललं तर खोली रिकामी, टेबलावर कागद. वर तिचं नाव.

"आदरणीय अरुंधतीबाई, तुमचे वडील शेवटी म्हणाले..."

पुढे कोरं.

त्यानंतर करकर कधीच आली नाही. अरुंधतीने मात्र ते काम आजवर सोडलेलं नाही. पुष्कर हात जोडून थकला. रोज जेवायला जाताना ती तो कागद टेबलावर ठेवते, शेजारी शाई ठेवते आणि बाहेरून कुलूप लावते.

मग दाराला कान लावून उभी राहते. जेवत नाही.