सहाव्या दगडाची खूण

माझं मोजमाप चुकत नाही. याला गर्व म्हणायचं तर खुशाल म्हणा. तो मला बापाकडून आलाय आणि मी तो जपून वापरते.

सिंगापुरात बुकित पंजांगला आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. खिडकीसमोरून एलआरटी, म्हणजे इथली छोटी लोकल, जाते. ब्लॉकजवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, लोकांच्या घरात कुणी डोकावू नये म्हणून. या खिडकीशी बसून मी ग्रीसमधलं एक देऊळ उभं करते. अडीच हजार वर्षांचं, एका बेटावर, डोंगराच्या टोकाला, भूकंपात आडवं झालेलं. तिथले लोक पडलेला प्रत्येक दगड लेझरने मोजून पाठवतात आणि तो कुठे, कसा बसायचा हे आमची सिंगापूरची कंपनी सांगते. म्हणजे मी सांगते.

एकेक खांब अकरा गोल दगडांचा. प्रत्येक दगडाच्या अंगावर वीस उभ्या पन्हळी, त्या खालपासून वरपर्यंत जुळल्या पाहिजेत. म्हणजे दगड वीस तऱ्हांनी ठेवता येतो आणि त्यातली एकच खरी. आमच्या खांबातल्या सहाव्या दगडाच्या कडा पार झिजलेल्या, वरखाली चुन्याचं जाड कवच चढलेलं. तीन आठवडे डोळे फोडले आणि जागा ठरवली. सही करून आकडे पाठवले. गुरुवारी क्रेन लागणार होती. दगड चुकीचा बसला असता तर वरच्या पाचांचं वजन एकाच कडेवर येऊन तो तडकला असता. असा दगड पुन्हा होत नसतो. आणि सही माझी होती.

रविवारी डोंबिवलीला फोन केला. अण्णा, म्हणजे माझे वडील, छत्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत फिटर होते. आता एक्याऐंशीचे आहेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून वर्षभर अंथरुणातच आहेत, बोलतातही मोजकंच. म्हटलं, "अण्णा, ग्रीसमधलं एक देऊळ जोडतेय."

"खूण केलीस का?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. इंजिनचा कुठलाही जोड सोडवायच्या आधी दोन्ही अंगांवर पंच मारून खूण करायची, म्हणजे परत जोडताना जिथल्या तिथे बसतो. प्रत्येक फिटरची आपली खूण असते. अण्णांची तीन तिरके ठिपके आणि चौथा जरा फटकून. गोदीत ती खूण दिसली की वरचे साहेबसुद्धा तो जोड पुन्हा तपासत नसत.

"अण्णा, इथे सगळं कॉम्प्युटर करतो," मी म्हटलं. आपण उगाच शहाणपणा केला असं मला वाटून गेलं, पण तसं म्हटलं नाही.

सोमवारी खांबाची छोटी प्रतिकृती छापून आली. राखाडी रेझिनचे अकरा तुकडे, एकेक लाडवाच्या डब्याएवढा. मधल्या भोकात साटे कबाबाची बांबूची काडी खोवून मी ते जेवणाच्या टेबलावर रचले. पन्हळी माझ्या आकड्यांप्रमाणे जुळवल्या आणि खाली हॉकर सेंटरला जेवायला गेले.

परत आले तर सहावा तुकडा एक पन्हळ डावीकडे सरकलेला.

"किमया, हात लावलास याला?"

"आय डिडन्ट टच लाह, आई," लेक फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

मी तो जागेवर आणला. टेबलावर खांबाभोवती पांढऱ्या भुकटीचं बारीक कडं होतं. रेझिन राखाडी होतं. फडक्याने पुसून टाकलं.

मंगळवारी दुपारी कॉलवर असताना पाट्यावर वरवंटा फिरल्यासारखा आवाज आला. एलआरटी असेल म्हणून मी बोलत राहिले. कॉल संपल्यावर पाहिलं, तर सहावा परत डावीकडे. भुकटी या वेळी जास्त होती, बोटाला खरखरीत लागली. घरात ओल्या दगडाचा वास येत होता.

मग मात्र मी पेन्सिल घेतली. तुकडा परत फिरवला, पाचव्यावर आणि सहाव्यावर समोरासमोर अण्णांची खूण काढली आणि समोरच खुर्ची टाकून बसले. सव्वा तास बसले. काही हललं नाही. भाताला कुकर लावायला उठले, तीन मिनिटांत परत आले.

वरचे ठिपके एक पन्हळ डावीकडे गेले होते.

मी तुकडा धरून मागे फिरवायला गेले. तो हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला. रेझिनचा हलका तुकडा, आणि तो हलेना.

आपण सही केलेला आकडा आपणच खोडायचा, तेही एका खेळण्याचं ऐकून? रात्रभर जीव कातावला. बुधवारी सकाळी मी स्ताव्रोसला मेल टाकला. तो तिथला मुख्य पाथरवट. लिहिलं, सहावा एक पन्हळ डावीकडे घ्या. त्याने कारण विचारलं. मी कळवलं, मी फिटरची मुलगी आहे.

गुरुवारी आमच्याकडे दुपार, तिकडे सकाळ. व्हिडिओवर दगड उतरताना पाहिला.

तो बसला. स्ताव्रोसने सांध्यात पातळ पट्टी घालून पाहिली. गेली नाही. माणसं टाळ्या वाजवत होती. माझा ऊर भरून आला, हे कबूल करते.

संध्याकाळी त्याने एक फोटो पाठवला, सोबत लिहिलं होतं: दगड उतरवण्याआधी सांध्याच्या दोन्ही तोंडांवरचं कवच काढलं होतं, त्याखाली कडेला हे सापडलं. अशी खूण कुठल्याच नोंदीत नाही, तू कुठे पाहिलीस का?

तीन तिरके ठिपके. चौथा जरा फटकून. पाचव्यावर आणि सहाव्यावर, समोरासमोर.

मी डोंबिवलीला व्हिडिओ कॉल लावला. चैत्रालीवहिनीने उचलला. "ताई, बरं झालं फोन केलात. सोमवारपासून अण्णांचे दंड भरून आलेत. डॉक्टरांना काही सापडत नाही." तिने फोन त्यांच्यासमोर धरला.

"बसला ना?" अण्णांनी विचारलं.

सहाव्या दगडाचं मी घरी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

"बसला, अण्णा. पट्टीसुद्धा जात नाही."

"जाईल कशी," ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी हसताना दिसले. "पण पुढच्या खांबाला आधी खूण कर, जयू. तो डोंगर आता चढवत नाही मला."

फोन बंद करायला त्यांनी हात पुढे केला. नखांत पांढरी भुकटी होती.