सातवी तलवार

"कट! कट! कट!"

देवयानी मॅडमचा भोंगा असा कडाडला, की अंबरखान्याच्या भिंतीवरची कबुतरं भर्रकन उडाली.

"त्या तिसऱ्या मावळ्याच्या मनगटावर काय चमकतंय? घड्याळ! तीनशे वर्षांपूर्वी घड्याळ? काढा आधी!"

तिसरा मावळा म्हणजे निशिगंधाचा मोठा भाऊ कृष्णात. त्यानं जीभ चावली आणि घड्याळ काढून खिसा शोधू लागला. अंगरख्याला खिसाच नव्हता! दोरीपलीकडं बसलेली निशिगंधा आणि तिचा मामेभाऊ यशराज पोट धरून हसले.

"सकाळपासनं तिसरा कट!" यशराज म्हणाला. "पहिला त्या लाल एसटीमुळं, दुसरा माझ्या पिवळ्या टोपीमुळं."

"तू मुळात कॅमेऱ्यासमोर कडमडलासच कशाला?"

"आता मला काय म्हाईत, कॅमेरा कुठवर बघतोय ते!"

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची दिवाळीची सुट्टी होती. मध्ययुगातल्या हत्यारांवर माहितीपट करायला मुंबईची मंडळी पन्हाळ्यावर, अंबरखान्याच्या जुन्या धान्यकोठारांसमोर उतरली होती. लढाईच्या प्रसंगासाठी त्यांनी कोल्हापूरच्या आकाराम वस्तादांच्या तालमीतली मर्दानी खेळ करणारी पोरं बोलावली होती. सातवीतली निशिगंधाही त्याच तालमीत लाठी शिकायची. म्हणून वस्तादांनी तिच्यावर एक काम सोपवलं होतं. एका लांबट लाकडी पेटीत तालमीची जुनी, खरी तलवार होती. त्या पेटीची किल्ली निशिगंधाच्या गळ्यात होती.

"खंडेनवमीला पूजा करून धार लावल्याली हाय, पोरी," वस्तादांनी बजावलं होतं. "मॅडम जवळनं फोटो घेतील तेवढ्यापुरती भाईर. मग लगेच आत. खेळणं न्हवं ते!"

लढाईत वापरायच्या तलवारी वेगळ्या होत्या. सामान सांभाळणाऱ्या सयाजीमामांनी त्या उद्यमनगरातल्या कारखान्यातून खास बनवून आणल्या होत्या. लोखंडी, पण साफ बोथट. मूठ, वजन, लाल गोंडा, सगळं हुबेहूब खऱ्या तलवारीसारखं. "दोन्ही शेजारी ठेवल्या तर वस्तादपण फसतील की!" असं सयाजीमामा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. मात्र त्यांचा एक कान सदा ट्रान्झिस्टरला चिकटलेला. शारजात मॅच चालू होती ना!

जेवणाची सुट्टी झाली. सगळे झुणका-भाकरीवर तुटून पडले. भाकरी संपवून यशराज हात धुवायला सामानाच्या तंबूमागं गेला आणि तिथूनच ओरडला, "निशे, हिकडं ये! तंबू लंगडा झालाय!"

खरंच, तंबूचा एक कोपरा खाली लोंबत होता. त्याला ताणून धरणारा सुंभाचा जाडजूड दोर मधूनच तुटला होता.

"उंदरानं कुरतडला असंल," यशराज म्हणाला.

निशिगंधानं दोराचं टोक हातात घेऊन नीट पाहिलं. "कुरतडला असता तर धागे पिंजून निघाले असते. हे बघ. काकडी चिरावी तसा कापलाय!"

"सकाळी मी ह्याच दोराला धडपडलोय. तवा तर चांगला ताठ होता!"

"म्हणजे मधल्या वेळात इथून कोणीतरी धारेची वस्तू नेली."

दोघं धावत सयाजीमामांकडं गेले.

"मामा, तंबूचा दोर कशानं कापला?"

"श्श! मॅच रंगात आलीया!" सयाजीमामांनी हात झटकला.

"मामा, तलवारी कुणी आत नेल्या?"

"मीच की! फोटोला सातीच्या साती शेजारी मांडल्या हुत्या; फोटो झाल्याबरोबर आमच्या काखेत मारल्या आणि नेल्या. मोजून सहाच्या सहा. सातवी तुझ्या म्होरंच पेटीत घातली. आता पळा हितनं!"

निशिगंधानं गळ्यातली किल्ली चाचपली. पेटी तिनंच बंद केली होती, हे खरं. पण त्याच वेळी यशराजनं टोपीवरून मॅडमची बोलणी खाल्ली होती. ती त्याच्याकडं बघत हसत होती आणि हसता हसताच तिनं किल्ली फिरवली होती. आत काय ठेवलं, ते तिनं पाहिलंच नव्हतं!

ती पेटीकडं पळाली. कुलूप काढलं. तलवार होती. तोच लाल गोंडा, तीच मूठ. तिनं पात्याच्या कडेवर अलगद नख टेकवलं. नख नुसतंच घसरलं. मुठीच्या खाचेतलं खंडेनवमीचं कुंकूही कुठं दिसेना.

"यश्या, ही बोथट आहे! खरी तलवार त्या सहांत गेली!"

तेवढ्यात मैदानावर हलगी कडाडली. जेवण आटोपून शूटिंग पुन्हा सुरू झालं होतं! आणि आता कोणता प्रसंग होता, हे निशिगंधाला पाठ होतं. शत्रूचा सरदार झालेला मुंबईचा नट चाल करून येणार, कृष्णातच्या हातातली ढाल उडवणार आणि उघड्या खांद्यावर सपकन वार करणार. तलवार बोथट म्हणून अंगरख्याखाली फक्त कापसाची घडी!

"दादा! थांब! दादा!" ती किंचाळत सुटली.

दोरीजवळच्या माणसानं तिला अडवलं. "ए पोरी, शॉट चालू आहे! आवाज नको!"

"तलवार खरी आहे! धारेची!"

"हो हो, सगळं खरंच वाटतंय. मागं हो!"

हलगीच्या गजरात तिचा आवाज मुंगीएवढाही ऐकू जात नव्हता. वस्तादांना सांगावं, तर ते जीप घेऊन कोल्हापूरला ढाली आणायला गेलेले. तिकडं दोन्ही सैन्यं आरोळ्या ठोकत एकमेकांकडं सरकत होती.

"मॅडम कशानं थांबतात?" निशिगंधा स्वतःशीच पुटपुटली. "घड्याळ, टोपी, एसटी... यश्या! आजच्या काळातली वस्तू! मोठ्यात मोठी!"

दोघांची नजर एकाच वेळी चढावर गेली. तिथं शालूबाईंची भाजलेल्या कणसांची गाडी उभी होती आणि गाडीवर थंड पेयाच्या जाहिरातीची लाल-पिवळी, भलीमोठी छत्री!

"मावशी, छत्री नेतोय!"

"आरं ए! ठेव ती! मुडद्यांनो!"

पण छत्री निघालीसुद्धा! दोघांनी ती खाचेतून उपसली, आडवी केली आणि उतारावरून सोडून दिली. पन्हाळ्याचा वारा तिच्या पोटात शिरला आणि ती भोवऱ्यासारखी गरगरत, उड्या मारत थेट रणांगणात घुसली. मागून निशिगंधा, तिच्यामागं यशराज, आणि सगळ्यांत मागं हातात कणीस उगारून शालूबाई! मावळे बिचकून बाजूला झाले. सरदारानं तलवार वर उचलली होती, तो तसाच आ वासून उभा राहिला.

"कट! कट! कट!" भोंगा फाटायचाच बाकी राहिला. "ही छत्री कुठून आली माझ्या लढाईत?"

"मॅडम, यांच्या हातातली तलवार खरी आहे! मुठीच्या खाचेत कुंकू आहे बघा!" धापा टाकत निशिगंधा कृष्णातच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"ह्या!" सयाजीमामा पळत आले. "माझी तलवार मी वळखत न्हाय व्हय? बोथट हाय ती!"

निशिगंधा मागं वळली. तिनं शालूबाईंच्या हातातलं कणीस घेतलं आणि समोरच्या दगडावर ठेवलं. "काका, जोर नका लावू. नुसती टेकवल्यासारखी करा."

नटानं तलवार हलकेच खाली आणली. खच्च! कणसाचे दोन तुकडे दगडाच्या दोन बाजूंना पडले.

हलगी केव्हाच थांबली होती. कृष्णातचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला. नटानं ती तलवार साप ठेवावा तशी जमिनीवर ठेवली आणि खालीच बसला. सयाजीमामांच्या ट्रान्झिस्टरवर कोणीतरी चौकार मारला होता. त्यांनी बटण फिरवून तो बंद केला.

"चुकलं माझं, मॅडम," ते खाली मान घालून म्हणाले. "कान तिकडं, हात हिकडं."

"मामांचं एकट्याचं नाही," निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. "किल्ली माझ्याकडं होती. मी न बघताच कुलूप लावलं."

तेवढ्यात वस्तादांची जीप आली. काय घडलं ते त्यांना सांगायला दहाजण एकदम बोलू लागले. सगळं ऐकून झाल्यावर वस्तादांनी तलवार उचलली, पटक्याच्या टोकानं पुसली आणि स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली. मग निशिगंधाकडं वळले. ती बोलणी खायला तयार होऊन उभी होती.

"धारेचं हत्यार पोरीच्या गळ्यात अडकवून मी जीपमधनं हिंडत बसलो. पयली चूक माझी," ते म्हणाले. "तालमीत हत्यार चालवणारी लई हायेत. चाललेलं हत्यार थांबवणारी आज पयल्यांदा बघितली! आणि हा यशराज बी काय कमी न्हाय!"

"वस्ताद, आणि माझी छत्री?" शालूबाई कडाडल्या. "काडी मोडली की तिची!"

मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या, की भोंग्याची गरजच उरली नाही. "बाई, नवी छत्री माझ्याकडून. आणि आज सगळ्या फौजेला कणसं!"

कृष्णात बहिणीशी सहसा भांडणच करायचा. त्यानं भाजलेलं पहिलं कणीस मीठ-तिखट लावून तिच्या हातात दिलं आणि तिच्या शेजारी बसून राहिला.

उन्हं कलायच्या आत प्रसंग पुन्हा घ्यायचा होता. मावळे उभे राहिले, सरदार उभा राहिला, पण मॅडमनी भोंगा तोंडाला लावलाच नाही. त्यांनी तो निशिगंधाच्या हातात दिला.

"यापुढं तू सांगितल्याशिवाय माझा कॅमेरा फिरणार नाही."

निशिगंधा ओळीतून गेली. एकेक तलवार घेतली, कडेवर नख टेकवून पाहिली. एकदा नाही, दोनदा. सहाच्या सहा झाल्यावर ती रणांगणाच्या मधोमध उभी राहिली आणि सारा अंबरखाना दुमदुमेल अशा आवाजात ओरडली,

"बोथट! करा सुरू लढाई!"