उर्वीचा नमस्कार

सासूबाई पुढच्या रविवारी पुण्याहून यायच्या होत्या आणि सात वर्षांच्या उर्वीला अजून धड नमस्कार येत नव्हता. अनुराधाच्या डोक्यात हाच एक भुंगा. मागच्या खेपेला सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, मडमेला वाकायला जमत नाही वाटतं. तेव्हापासून इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या घरात संस्कारांची शाळाच उघडली होती. आधी गुडघे टेकायचे, मग हात जोडायचे, मग डोकं. निघताना 'जाते' नाही, 'येते' म्हणायचं. चुकलं की दंडाला चिमटा.

त्या शनिवारी नवऱ्याने, गिरीशने, मायलेकींना मध्ययुगीन जत्रेला नेलं. पडक्या किल्ल्याखालच्या मैदानात तंबू, ढाली, धूर आणि भाजलेल्या डुकराचा वास. चिलखतातला एक सरदार ई-सिगारेट ओढत होता आणि जात्यावर बसलेली बाई मोबाइलवर नवऱ्याला झापत होती. सगळा लुटुपुटीचा मामला. उर्वी लाकडी तलवार घेऊन नुसती उधळली होती.

म्हातारा दिसला तो टॉयलेट्सच्या मागे, मैदानाच्या पार टोकाला. तिथे ना पाटी, ना दोरी, ना गर्दी. जाड लोकरीचा झगा घालून तो खुर्चीत एकटाच बसला होता. झग्याला ओल्या मातीचा वास येत होता आणि त्याची पापणी काही लवत नव्हती. पण अनुराधाला दिसले ते फक्त पिकलेले केस. सरावाला आयताच म्हातारा मिळाला की!

"उर्वी, आजोबांना नमस्कार कर."

"नको ना आई. तो मला बघते." मोडक्या मराठीत म्हणत उर्वी तिच्या मागे सरकली.

अनुराधाने चिमटा काढला. राहू दे गं, असं गिरीश म्हणाला खरा, पण आईला पाठवायला म्हणून मोबाइल काढून शूटिंगही त्यानेच सुरू केलं. पोरीने डोळे पुसत गुडघे टेकले, हात जोडले. अनुराधाने मानेवर हात ठेवून तिला आणखी खाली दाबलं. म्हाताऱ्याने ते जोडलेले हात आपल्या दोन्ही पंजांत घेतले आणि विचारल्यासारखं अनुराधाकडे पाहिलं. तिने हसून मान डोलावली.

तीन वाजता मोठ्या रिंगणात खेळ होता. पूर्वी माणूस धन्याचा कसा व्हायचा, ते सूत्रधार माइकवरून सांगत होता. एका तरुणाने गुडघे टेकले, हात जोडले, आणि सरदाराने ते आपल्या हातांत घेतले. एवढं झालं की तो कायमचा त्याचा, सूत्रधार म्हणाला. धनी बोलावील तेव्हा जायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उर्वीने वाजवल्या नाहीत. तिचे हात अजून जोडलेलेच होते.

अनुराधा धावत टॉयलेट्सच्या मागे गेली. खुर्ची होती तिथे छातीएवढी काटेरी झुडपं होती, एक पानही न दबलेली. जत्रेच्या स्टीवर्डने यादी बघून सांगितलं, तिकडे आमचं कुणीच नाही.

गाडीत ती पोरीला म्हणाली, हात सोड बघू.

"मी नाही धरलं, आई. तो सोडत नाही."

घरी साबण लावून झाला, तेल लावून झालं. गिरीशने जोर लावला तशी पोर किंचाळली. तिच्या हातांवर मोठ्या माणसाच्या बोटांचे खळगे पडले होते आणि ते खोल होत चालले होते.

साडेआठ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड होता. गिरीशने व्हिडिओ लावला. म्हातारा त्यात नव्हताच. झुडपांपुढे रडणारी उर्वी होती आणि तिची मान दाबणारा आईचा हात.

अनुराधा मटकन गुडघ्यांवर बसली. तिने हात जोडले. तिला नको, मला ने, असं पुन्हा पुन्हा म्हणाली.

तिचे हात कुणी घेतले नाहीत.

उर्वीचे हात सावकाश पुढे ओढले गेले. मग पाय. गिरीशने तिच्या कमरेला मिठी घातली, तर तोही फरपटत दारापर्यंत गेला आणि तिथे त्याची मिठी सुटली.

उंबऱ्यावर पोर थांबली. दंडावर दुपारचा चिमटा अजून लाल होता. आता तरी चुकायला नको, म्हणून तिने घाबरत आईकडे वळून पाहिलं.

"आई, मी 'येते' म्हणू का 'जाते'?"