वरच्या मजल्यावरचा माग

जिन्याखाली मीटरच्या फळीसमोर हर्षा टाचा उंचावून उभी होती. एका हातात मोबाईलचा उजेड, दुसऱ्या हातात विजेचं बिल. बिल तिने पुन्हा पुन्हा वाचलं होतं. आकडा दर वेळी तोच निघत होता.

"तुम्ही माह्या मीटरकडे पाहून राहिल्या."

ती वळली. भाजीच्या पिशवीतून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी डोकावत होती आणि पिशवी धरून एक उंच, सावळा तरुण उभा होता. वरच्या मजल्यावरचा अंकुश. दसऱ्याला ती इथे राहायला आली तेव्हापासून त्याच्या चपलांचा आवाज तिला पाठ होता. चेहरा इतक्या जवळून आजच दिसला.

"तुमचं कोणतं अन् माझं कोणतं, हे लिहिलं कुठं आहे?"

"लिहिलं होतं. दिवाळीच्या तोंडावर घरमालक टेकचंदजींनी फळीले रंग देला. घरांचे नंबर रंगाखाली गेले." त्याने मान तिरकी करून बिल पाहिलं. "बापा… घरात काय लावलं तुम्ही, राईस मिल?"

"एक फ्रीज. एक पंखा, तोही थंडीत बंद. अन् एक रेडिओ."

"रेडिओ तर ऐकू येते… सकाळी. बाजारभाव झाले की बंद करता तुम्ही. गाणी लागायच्या आधीच."

हर्षाने मोबाईलचा उजेड मालवला. आपला रेडिओ कोणीतरी इतका मन लावून ऐकतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. अंधारात सांभाराचा वास तेवढा राहिला.

इमारतीचं नाव 'वैनगंगा दर्शन'. गच्चीवर चढून, पाण्याच्या टाकीला टेकून पाहिलं आणि हवा स्वच्छ असली तर कारध्याच्या पुलाचा एक खांब दिसतो, त्यामुळे बांधणाऱ्याने खोटं नाव दिलं असं म्हणता येत नाही. हर्षा भंडाऱ्यातच जमीन मोजणीच्या कार्यालयात होती. दोन भावांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोणी कोणाकडे किती सरकवला हे ती मोजून सांगायची, आणि दोन्ही भाऊ तिच्यावर सारखेच नाराज होऊन घरी जायचे. लाखनीहून रोज ये-जा न करता ही पोरगी भंडाऱ्यात एकटी राहू शकते का, यावर तिच्या घरच्यांनी जेवढा विचार केला, तेवढा जिल्हा फोडून गोंदिया वेगळा काढताना सरकारनेही केला नसेल. शेवटी मोठा भाऊ नीलेश म्हणाला होता, "राह्य. पण काही इकडचं तिकडचं ऐकलं, तर सामान उचलून आणीन."

ऐकण्यासारखं काही घडलं नाही. बिल तेवढं आलं. आणि बिलं ऑनलाइन भरायचं काम नीलेशने हौसेने स्वतःकडे घेतलेलं होतं.

"हर्षे," तो फोनवर म्हणाला, "एवढी लाईट एकटं माणूस जाळत नाही."

"तुले काय म्हणायचं आहे, दादा?"

"मी काही म्हणून नाही राहिलो. बिल म्हणून राहिलं. रविवारी गाडी घेऊन येतो. कारण सापडलं तर ठीक. नाही तर… सामान काही जास्त नाही तुझं."

एकट्या बाईवर नजर ठेवायचं काम आजवर गल्लीतल्या बायका फुकट करत. आता त्याला मीटर बसलं होतं.

त्या आठवड्यात अंकुश रोज संध्याकाळी जिन्यात थांबू लागला. तो मोठ्या बाजारात कोशाच्या रेशमी साड्यांच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकापुढे पदर उलगडताना लागतो तसा मऊ, न घाईचा आवाज त्याला कायमचा लागून गेला होता.

"फ्रीजचं दार नीट लागते?"

"लागते."

"गिझर?"

"नाही. स्वयंपाकाचा गॅस आहे, त्याच्यावर पाणी तापवते."

"मंग एकच राहिलं. तुमच्या डोळ्यांत करंट असंल, तोच मीटरवर येऊन राहिला."

"हे तुम्ही गिऱ्हाइकाले म्हणता का?"

"नाही. त्यांना मी साडी दाखवतो."

ती हसू दाबत एक पायरी वर चढली. मग तिथूनच, कठड्यावर बोट फिरवत म्हणाली, "एक सांगू? तुमच्या घरचा मागाचा आवाज मले फार आवडते."

"माग?"

"दिवसभर चालते नं… ठक्, सुस्स, ठक्. माह्या बरोबर डोक्यावर. त्याच्यानं घर एकटं वाटत नाही. तुमची आई विणते?"

अंकुशने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हो… आईच चालवते."

"दाखवाल एकदा?"

"दाखवीन. तुमचं बिल कमी आलं की."

"अन् तुमचं कसं येते हो बिल?"

"आमचं तं दिवाळीपासून कमी झालं." तो पायरीकडे बघत होता. "घरात एक माणूस कमी झालं नं."

दिवाळीत त्याचे वडील, सोमाजी, गेले होते. जिन्यावरची रांग, पांढरे कपडे, हर्षाने दारातून पाहिलं होतं. यापुढे विचारायचं नसतं, म्हणून तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट त्याच पायरीवर संपली असती आणि बरीच वीज वाचली असती.

रविवारी नीलेश आला. त्याचं लाखनीला हायवेवर पंप-मोटारींचं दुकान होतं, त्यामुळे वीज ही गोष्ट आपल्याला घाबरते अशी त्याची समजूत होती. त्याने आधी बहिणीच्या घरातला मेन स्विच बंद केला, खाली जाऊन बिलावरचा नंबर मीटरवर छापलेल्या नंबराशी ताडून तिचं मीटर शोधलं आणि पाहत राहिला. घरातली वीज बंद होती. मीटरचा लाल दिवा मात्र टिपटिपत होता.

"घरात काही नाही अन् मीटर पळून राहिलं," तो खालूनच म्हणाला. "आता तू घरचा मेन लाव. मी इथलं, मीटरखालचं बटन पाडतो. ट्यूबलाईट गेली की सांग."

हर्षाने मेन लावला. ट्यूबलाईट पेटली. खाली खटका पडल्याचा आवाज झाला.

"गेली?"

"नाही… चालूच आहे."

आणि मग तिला ते जाणवलं. डोक्यावरचा माग थांबला होता.

तिने छताकडे पाहिलं. हातमागाला वीज लागत नाही, हे भंडाऱ्यात कोणाला सांगावं लागत नाही.

ती जिना चढून गेली. वरचं दार उघडं होतं. अंकुशची आई रुखमिणीबाई बाल्कनीत उभ्या होत्या. मान समोरच्या टेकचंदजींच्या घराकडे.

"मले वाटलं, लाईन गेली," त्या मागे न बघता म्हणाल्या. "लाईन गेली की मी इथं येऊन उभी राहतो. सगळ्यांचंच बंद असते मंग. पण टेकचंदचा टीव्ही चालू आहे…"

घरात माग नव्हताच. एक पलंग होता, धुतलेली चादर ताणून घातलेला. उशीवर पारदर्शक बारीक नळी नीट गुंडाळून ठेवलेली. पलंगाशेजारी चाकांवर उभं, गुडघ्याएवढं, पांढरं यंत्र. अंकुश त्यावर हात ठेवून उभा होता, ताप पाहावा तसा.

"बाबांचं ऑक्सिजनचं मशीन," तो म्हणाला.

रुखमिणीबाई आत आल्या. हर्षाकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मोहाडीले आमच्या घरी चार माग होते, माय. आमच्या गल्लीत दिवसा कोणाचा माग थांबला की लोक दारात येत. विचारत, कोण गेलं, बाई? म्हणून आम्ही कधी थांबूच नाही देला. एक जेवाले बसला की दुसरा मागावर. मंग हे मशीन आलं तं आमचे मालक हसले. म्हणे, रुखमा, घे, माग आला घरी." त्यांनी उशीवरची नळी उचलली, परत तशीच ठेवली. "ते गेले तवा मी अंकुशले म्हटलं, हे चालू राहू दे. चालू आहे तोवर कोणी विचाराले येणार नाही."

"अन् बिल कमी आलं, तर तुम्हाले काही वाटलं नाही?" हर्षाने अंकुशला हळूच विचारलं.

"वाटलं…" तो म्हणाला. "श्वास घेणारंच कोणी नाही, म्हणून कमी जळत असंल."

तो बी.कॉम. होता. कोणी हसलं नाही.

खालून नीलेशची हाक आली, "हर्षे, लावू का परत?"

हर्षाने अंकुशकडे पाहिलं. अंकुशने आईकडे. हर्षाचं काम झालं होतं. तिच्या घराला, तिच्या नावाला आता कोणी काही म्हणणार नव्हतं. 'लाव' म्हणायला तिने तोंड उघडलंही.

"नको लावू म्हणा," रुखमिणीबाई म्हणाल्या.

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. घर इतकं शांत होतं की टेकचंदजींच्या टीव्हीवरची जाहिरात शब्दन् शब्द ऐकू येत होती. बाई दाराकडे बघत होत्या. कोणी येणार नव्हतं. 'वैनगंगा दर्शन'मध्ये कोणाचं काय थांबलं हे विचारायची पद्धत नाही.

हर्षा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"कोण गेलं, मावशी?"

रुखमिणीबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"मालक गेले, माय," त्या म्हणाल्या. आणि दिवाळीपासून राहून गेलेलं रडू मग आलं.

थोड्या वेळाने नीलेश वर आला. काय झालं ते त्याला कोणी सांगितलं नाही. त्याने दारात बूट काढले आणि भिंतीला टेकून बसला. परत जाताना त्याची गाडी रिकामीच होती. खाली मात्र त्याने टेकचंदजींना गाठलं. वायरमनची मजुरी वाचवायला त्यांनी फळीवरच्या तारा रंगाऱ्याकडूनच सोडवून घेतल्या होत्या आणि त्याच्याकडूनच जोडूनही घेतल्या होत्या, हर्षाची अंकुशच्या मीटरला आणि अंकुशची हर्षाच्या. "रंग तं चांगला लागला नं," टेकचंदजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वायरमन तारा बदलून गेला. संध्याकाळी दोघं त्याच फळीसमोर उभे राहिले. बाहेर शेकोटीचा धूर होता, कोणाच्या तरी घरी लाखोळीच्या डाळीला फोडणी बसली होती.

"तुमचे पैसे मी देतो," अंकुश म्हणाला.

"द्यालच. ते सोडणार नाही मी."

"अन् खोटं बोललो होतो, मागाचं."

"माहीत आहे."

"तुम्ही म्हटलं नं, त्याच्यानं घर एकटं वाटत नाही…" तो मीटरच्या लाल दिव्याकडे बघत बोलत होता. माणसांपेक्षा दिव्याशी बोलणं त्याला सोपं जात असावं. "तोवर मशीन आईसाठी चालू होतं. आईले मी एक दिवस समजावलं असतं. पण तुम्ही तसं म्हटलं, अन् मंग… थोडं तुमच्यासाठीही चालू राहिलं."

हर्षाने हातातलं बिल उलगडून पाहिलं.

"म्हणजे बिल माझ्या नावावर आलं ते अगदीच चूक नव्हतं," ती म्हणाली.

"थोडं तुमचं होतंच."

"मंग अर्धे द्या."

त्याने वळून पाहिलं. तिने पाहिलं नाही. पण जिना चढताना ती रोजच्यापेक्षा हळू चढली.

घरात आल्यावर मात्र छताची शांतता तिच्या अंगावर आली. तिने पोळीची कणीक मळली, रेडिओ लावला, बंद केला. वर ओळखीची पावलं वाजली. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, बरोबर डोक्यावर…

ठक्. ठक्.

लाकडाचा आवाज. सोमाजींचा धोटा घरात होता, हे रुखमिणीबाई काल बोलल्या होत्या. मागावर दोऱ्याच्या कांडीसकट इकडून तिकडे धावणारा, हातात घासून गुळगुळीत झालेला. तोच वरच्या फरशीवर वाजत होता. हर्षाने कोपऱ्यातला झाडू घेतला, उलटा धरला, आणि दांड्याने छताला दोनदा टोकलं. वर क्षणभर शांतता. मग अगदी हळू, विचारल्यासारखं, एकदाच… ठक्.

तेवढ्यात फोन वाजला. नीलेश.

"कायचा आवाज होऊन राहिला तिकडं?"

"वरती माग चालू झाला."

"आता कोणता माग? हर्षे… अन् बिल?"

हर्षाने झाडू खाली ठेवला नाही.

"हातमागाले वीज नाही लागत, दादा."