खाडीसापाचा साक्षीदार

होळी होऊन तीन दिवस झाले होते, तरी शहाजी मांढरेच्या नखांतला गुलाबी रंग गेला नव्हता. त्याच नखांनी होडीची कड घट्ट धरून तो बसला होता. कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहणारा हा साताऱ्याकडचा गडी जन्मात पहिल्यांदाच होडीत बसला होता, आणि तेही कामावर खाडा करून! पण मोहीमच तशी होती. करावे गावच्या खाडीत चिंबोरी, म्हणजे चिखलातला मोठा खेकडा, जिवंत सापाला धरते, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, त्याचा फोटो काढायचा आणि मुंबईच्या जाणकार मंडळींसमोर नेऊन ठेवायचा!

साल होतं १९९६. होडीत तिघं होते. मधल्या फळीवर जयमालाबाई बसल्या होत्या. त्या बेलापूरजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. खाडीकाठचे साप काय खातात आणि सापांना कोण खातं, याच्या चार वर्षांच्या नोंदी त्यांच्या वहीत होत्या. वल्ह्यावर होता साठी उलटलेला हिरामण तांडेल. ही खाडी त्याला घरच्या अंगणासारखी पाठ होती. आणि तिसरा शहाजी. मार्केटात गोण्यांच्या थप्पीत साप निघाला की सगळे पळायचे आणि शहाजीला हाक मारायचे. तो सापाला अलगद धरून पोत्यात घालायचा आणि पारसिकच्या डोंगरावर सोडून यायचा. अशाच एका सापाचं नाव विचारायला तो कॉलेजात गेला आणि बाईंच्या मोहिमांत सामील झाला.

महिन्यापूर्वी बाईंनी मुंबईत निसर्ग निरीक्षकांच्या सभेत आपल्या नोंदी वाचल्या होत्या. घार सापाला उचलते, साप चिखलातल्या निवटी माशाला गिळतो, इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. पण चिंबोरीची गोष्ट आली आणि अध्यक्षांनी हात वर केला. "मेलेला साप खेकडा खाणारच. जिवंत सापाला धरतो हे कुणी पाहिलं?"

"करावेच्या हिरामण नानांनी."

"म्हणजे ऐकीव आहे. ऐकीव गोष्टीची नोंद होत नाही, बाई."

शहाजी तेव्हा मागच्या खुर्चीत बसला होता. नाना खोटं बोलतो असं कुणी म्हटलं नव्हतं, पण त्याच्या कानाला ते तसंच लागलं होतं.

सूर्य वर आला तेव्हा ओहोटी सरत आली होती. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी भिंत, त्यांच्या बुडख्यांभोवती चिखलातून वर आलेली हजारो श्वासमुळं, बोटाएवढी, जणू कुणी पेन्सिली उलट्या रोवून ठेवल्या आहेत. उघड्या पडलेल्या चिखलावर सकाळचं ऊन चांदीच्या पत्र्यासारखं पसरलं होतं. त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. मासे असून चिखलावर चालणाऱ्या त्या चिमुकल्या जिवांचे डोळे डोक्यावर बसवल्यासारखे दिसायचे. पलीकडे, खूप दूर, बेलापूरच्या सरकारी इमारती उन्हात धुरकट उभ्या होत्या. इतक्या जवळ शहर, आणि इथे माणसाचा आवाज नाही!

खाडीच्या एका अरुंद फाट्याच्या तोंडाशी होडीचा तळ घासला. हिरामणने वल्हं रोवलं.

"पुढं होडी नाय जात. फल्या घेवा आनि तुमी दोघा जावा. मी हितंच ऱ्हातो, होडी आडवी झाली तर परत निघाची नाय."

त्याने दोन लांबट फळ्या चिखलावर टाकल्या. फळीवर गुडघा टेकायचा आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत सरकायचं, अशी ती रीत.

"आयका," त्याने बोट उगारलं. "फली सोडाची नाय. काय पन झाला तरी! आनि पानी फिरला का मी शीळ घालन. शीळ झाली का माघारी या."

शहाजी दोनदा तोंडावर आपटला. शंभर किलोची गोण उचलणारा माणूस, पण चिखलाला त्याच्या ताकदीचं काही कौतुक नव्हतं! बाई मात्र गळ्यात कॅमेरा अडकवून सरसर पुढे गेल्या. दोनशे पावलांवर एक उथळ डबकं होतं. त्याच्या काठाला ताटलीएवढ्या तोंडाचं बीळ. नानाने सांगितलेली जागा हीच.

दोघं दहा हातांवर फळ्या टेकून थांबले. अर्धा तास गेला. चिलटांनी शहाजीचे कान फोडून काढले. एक तांबडी घार दोनदा डोक्यावरून फिरली. आणि मग बाईंनी नुसती भुवई उचलली.

डबक्याच्या कडेला चिखल हलला. चिखलाच्याच रंगाचा, हातभर लांब, जाडसर साप पाण्यातून नुसतं डोकं वर काढून बसला होता. कुत्र्यासारखं तोंड, वर आलेले बारीक डोळे. खाडीसाप! हळूहळू तो वळला. समोर दोन वितींवर एक निवटी गाल फुगवून बसली होती.

झडप! निवटी आडवी सापाच्या जबड्यात! कॅमेरा खटखटला. साप तिला फिरवून डोक्याकडून गिळायच्या खटपटीला लागला, आणि त्या नादात मागे सरकत सरकत बिळाच्या तोंडाशी गेला.

बिळातून एक काळसर हिरवी नांगी बाहेर आली. मनगटाएवढी जाड!

कचकन तिने सापाला डोक्यामागे वीतभर अंतरावर पकडलं.

साप पिळवटला. चिखल उडाला. पुढे जे झालं ते शहाजीने ठरवून केलं नाही. पंधरा वर्षांची सवय होती ती. साप संकटात दिसला की त्याचा हात आपोआप पुढे जायचा. तो फळीवरून उठला आणि सापाकडे धावला.

"शहाजीराव, नको!"

एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला तो थेट मांडीपर्यंत खाली गेला!

त्याने पाय उपसायला जोर लावला. चिखलाने कमरेपर्यंत ओढून घेतलं. अजून जोर लावला, तर छाती भरून आली पण पाय बोटभर हलला नाही. साप आणि चिंबोरी त्याच्यापासून हातभर अंतरावर होती, आणि तो तिथे खुंटासारखा रुतला होता.

तेवढ्यात दुरून शीळ आली. लांब, तीक्ष्ण. पाणी फिरलं होतं!

"नानाऽऽ!" बाई ओरडल्या. "शहाजीराव रुतलेत!"

मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "धडपडू नका. जेवढं हलाल तेवढे आत जाल. मी येतेय."

"बाई, तुमी जावा माघारी. माजी चूक हाय."

"गप्प बसा. तुमच्यासमोर काय चाललंय? मला इथून दिसत नाहीये. तुम्ही बघा आणि मोठ्याने बोला. काहीही सोडू नका."

"आत्ता?"

"आत्ताच! बोला!"

शहाजीला धाप लागली होती. पण बाईंनी सांगितलं म्हणून त्याने समोर पाहिलं, आणि बोलू लागला.

"चिंबोरी भाईर आलीया. मोठ्या नांगीनं धरलाय... सोडत न्हाय. साप तिच्या पाठीवर वेटाळं घालतोय. चावतोय... न्हाय, चावता येत न्हाय, तोंडात निवटी हाय!"

"पुढे?"

"दुसरी नांगी बारीक हाय. तिनं कापतीया. कात्रीवानी. थांबून थांबून... सापानं तोंड उघाडलं! बाई, निवटी सुटली! जित्ती हाय! पळाली!"

भीतीच्या त्या कल्लोळात शहाजी हसला. स्वतःचं हसू ऐकून त्यालाच नवल वाटलं. पण त्याचा श्वास आता एका तालात येत होता.

बाई फळीवर पालथ्या पडून सरकत होत्या. छाती टेकली तसा गळ्यातला कॅमेरा आड येऊ लागला. तो टांगायला मागे तिवराच्या फांदीपर्यंत जायला वेळ नव्हता. त्यांनी पट्टा मानेतून काढला आणि कॅमेरा बाजूला चिखलावर ठेवला. ठेवला कसला, सोडला! सगळ्या फोटोंसकट. शहाजीने ते पाहिलं.

"बाई, क्यामेरा!"

"समोर बघा, मी सांगितलं ना!" त्यांनी त्याची रिकामी फळी ढकलत त्याच्या छातीखाली घातली. "यावर रेला. साप हलतोय का?"

"हलतोय. पर आता ढिला पडलाय. ती त्याला बिळात वढतीया, मागं मागं सरकत. सात... आठ हिसकं दिलं. शेपूट भाईर ऱ्हायलंय."

आणि मग पाणी आलं.

आधी बोटभर, तिवरांच्या मुळांतून कुजबुजत. मग डबकं भरलं, बीळ बुडालं, कॅमेरा बुडाला. थंड पाणी शहाजीच्या पोटाला लागलं. बाईंनी दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून ओढलं. काही उपयोग नाही!

फाट्यातून होडीचं नाक दिसलं. वाढत्या पाण्यावर हिरामण होडी बांबूने रेटत आणत होता. "वढू नका!" तो लांबूनच गरजला. "बाई, सोडा त्याला! वढून नाय निघाचा!"

"पाणी वाढतंय, नाना!"

"वाढू दे! पानीच त्याला सोडवंल. शहाजी, पाय वर नको घेऊ. नुसता हलव. डावी-उजवीकडं. पानी पायाशी जाऊ दे."

ज्या पाण्याची भीती, त्याचीच वाट बघायची! शहाजीने दात आवळले. पाणी बरगड्यांना लागलं. पाय हलव. छातीला लागलं. हलव. फळी तरंगू लागली. होडी शेजारी लागताच बाई तिच्यात चढल्या आणि कडेवरून वाकून त्याच्या काखेत हात घालून राहिल्या. पाणी खांद्यावर आलं.

"भ्या वाटतंय, नाना," शहाजी म्हणाला.

"वाटू दे. पाय हलव."

पाणी हनुवटीला टेकलं. शहाजीने मान मागे टाकली. आभाळात घार फिरत होती. त्याने डाव्या पायाची टाच फिरवली आणि चिखलात कुठेतरी खोल बुडबुडा फुटल्यासारखं वाटलं. पायाभोवती गारवा शिरला. पाय सुटला! मग उजवा! हिरामणने त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली, बाईंनी कमरेचा पट्टा, आणि तिघांच्या जोराने तो होडीत येऊन पडला, नुकत्याच पकडलेल्या माशासारखा धापा टाकत.

हिरामणने बांबू रोवून होडी धरली.

"क्यामेरा शोदू का?" हिरामणने विचारलं. आता तिथे खाली चिखल आणि वर कमरेएवढं गढूळ पाणी सळसळत होतं.

बाईंनी त्या जागेकडे एकदा पाहिलं. "नको. चला घरी."

"बाई, म्या घालीवलं सगळं," शहाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "सापाला वाचवाया गेलो. सवयच हाय."

जयमालाबाईंनी होडीतल्या डब्यातून वही काढली. त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते. "शहाजीराव, दहा हातांवरून मला जे दिसलं नसतं ते तुम्ही हातभरावरून पाहिलंत. कमरेइतक्या चिखलात उभं राहून पाहिलंत! आता पहिल्यापासून सांगा. साप बिळाशी मागे सरकला, तिथून."

पुढच्या महिन्यात मुंबईच्या त्याच सभेला तिघंही गेले. हिरामणने टोपी धुऊन घातली होती, शहाजीने इस्त्रीचा सदरा. बाई उभ्या राहिल्या. "फोटो नाहीत. कॅमेरा खाडीत गेला. पण पाहणारा माणूस आणलाय."

शहाजी पुढे गेला. त्याने आपल्या चुकीपासून सुरुवात केली. फळी का सोडली, किती रुतला, सगळं. लोक सावरून बसले. मोठी नांगी, बारीक नांगी, आठ हिसके, बाहेर राहिलेलं शेपूट, त्याने काही सोडलं नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "एक शंका आहे. चिंबोरीने धरला तेव्हा साप जिवंत होता, हे कशावरून?"

"साहेब, त्याच्या तोंडात निवटी व्हती. त्यानं ती माज्यासमोर धरली व्हती. मेला साप शिकार करतो व्हय?"

सभागृहात हशा उसळला आणि पाठोपाठ टाळ्या. अध्यक्षही हसत होते. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"निवटीचं पुढे काय झालं?"

"सुटली. जित्ती पळाली."

"शहाजीराव, जरा हळू सांगा. मी लिहून घेतोय. आधी पाहणाऱ्याचं पूर्ण नाव."

शहाजीने मागे वळून पाहिलं. हिरामण खुर्चीच्या कडेवर ताठ बसला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान उंच होती.

"पयलं नाव हिरामण धर्मा तांडेल, राहणार करावे," शहाजी म्हणाला. मार्केटात दहा गाळ्यांपलीकडे जाणारा त्याचा आवाज आता त्या सभागृहात खणखणत होता. "त्यांनी आमच्या लई आदी बघितलंय. दुसरं जयमालाबाईंचं. आन् तिसरं लिवा, शहाजी बाबासो मांढरे!"